हॅनिबल शेवटी हरला, मग रोमला त्याची एवढी धास्ती का?

प्रश्न असा आलाय: उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या शहर-राज्याचा सेनापती हॅनिबल याने रोम शहर कधीच जिंकलं नाही. शेवटची मोठी लढाई तो हरला, परदेशात लपतछपत मेला आणि त्याचं कार्थेज रोमने पुढे जमीनदोस्त केलं. मग रोमन लोक पिढ्यानपिढ्या त्याच्या नावाने का दचकत होते? हत्ती घेऊन आल्प्स ओलांडला म्हणून?

ग्रीस-रोमचा पेपर तीसेक वर्षं शिकवताना दर वर्षी पहिल्या तासाला मला हत्तींवर बोलावं लागायचं, म्हणून आधी तेच मिटवतो. इ.स.पू. २१८ मध्ये ऱ्होन नदी ओलांडताना हॅनिबलकडे ३७ हत्ती होते. त्यांना जमिनीवरच चालतोय असं वाटावं म्हणून तराफ्यांवर माती पसरली होती. तरी काही हत्ती बिथरून पाण्यात पडले. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो की त्यांचे माहूत बुडाले आणि हत्ती मात्र सोंड वर धरून पलीकडे पोचले. या माहुतांसाठी तो जो ग्रीक शब्द वापरतो त्याचा अर्थ सरळ ‘भारतीय’ असा आहे. हत्ती हाकणारा माणूस कुठलाही असो, ग्रीकांच्या लेखी तो भारतीय. पण इटलीतल्या पहिल्याच हिवाळ्यात हे हत्ती जवळजवळ सगळे मेले. ज्या कॅनीच्या लढाईने रोमची झोप उडाली, तिथे एकही हत्ती नव्हता.

आल्प्सचंही तेच. पंधरा दिवसांत पर्वत ओलांडला हे अचाट काम होतंच, पण त्याची किंमत पाहा. स्पेनहून निघून पिरेनीज पर्वत ओलांडताना ५० हजार पायदळ आणि ९ हजार घोडदळ होतं, इटलीत उतरले ते २० हजार पायदळ आणि ६ हजार स्वार. हा शेवटचा आकडा खुद्द हॅनिबलने दक्षिण इटलीतल्या एका देवळात कोरून ठेवला होता आणि पॉलिबियसने तो स्वतः जाऊन वाचला. निम्म्याहून जास्त फौज वाटेतच गमावून, उपाशी आणि थंडीने काकडलेला असा हा सेनापती समोर उभा राहिला, तेव्हा रोमला भीती वाटण्याचं काही कारण नव्हतं. वाटलीही नाही. भीती नंतर आली.

दुसरी गोष्ट. रोमला हरायची सवय होती. उत्तरेकडच्या गॉल लोकांनी एकदा शहर लुटलं होतं, इटलीतल्याच डोंगरी सॅम्नाइट लोकांनी खिंडीत कोंडून अख्ख्या सैन्याला मान खाली घालून चालायला लावलं होतं, ग्रीक राजा पिर्‍हसने सलग दोनदा हरवलं होतं. कार्थेजशी झालेल्या पहिल्या युद्धात (इ.स.पू. २६४ ते २४१) तर वादळांनी आरमारंच्या आरमारं बुडवली. दर वेळी रोमने एकच केलं: हरायचं, नवी फौज उभारायची, परत जायचं. माणसांचा साठा प्रचंड. इ.स.पू. २२५ च्या सुमारास रोम आणि तिच्या मित्रांकडे मिळून ७ लाखांवर पायदळ आणि ७० हजार घोडदळ उभं राहू शकत होतं, असं पॉलिबियस सांगतो. अशा राज्याला एखाद्या पराभवाची भीती दाखवून उपयोग नसतो.

हॅनिबलने काय वेगळं केलं? माझं उत्तर एका वाक्यात: त्याने रोमनांना त्यांच्या दोषांनी हरवलं नाही, त्यांच्या गुणांनी हरवलं. शौर्य, पुढे घुसण्याची उमेद, शिस्तीने एकमेकांना चिकटून लढणं, या ज्या गोष्टींचा रोमनांना अभिमान होता, नेमक्या त्यांनाच त्याने दोर बांधला आणि ओढला. आपल्या दुर्गुणाने माणूस हरला तर तो सुधारतो. गुणांनीच घात केला तर काय सुधारायचं हेच कळत नाही.

ट्रेबियाची सकाळ बघा. इ.स.पू. २१८ चा डिसेंबर, बर्फ पडतंय. दर वर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन कॉन्सलांपैकी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकारी-सेनापतींपैकी, एक जखमी होऊन पडलाय. दुसरा, सेम्प्रोनियस, उतावळा झालाय, कारण नवे कॉन्सल निवडायची वेळ जवळ आलीय आणि विजयाचं श्रेय त्याला आपल्याच पदरात हवंय. हॅनिबलला हे माहीत आहे. तो आदल्या दिवशी भाऊ मागोला बोलावतो आणि निवडक १०० पायदळ आणि १०० स्वार देतो. त्या प्रत्येकाने आपल्या ओळखीचे आणखी नऊ जण निवडायचे, झाले २ हजार. हे २ हजार रात्रीतून एका ओढ्याच्या पात्रात, काटेरी झुडपांच्या आड दबा धरून बसतात. जागा साधी, सपाट माळाची. पॉलिबियसची टिपणी इथे मला फार आवडते: रोमनांना रानाचा संशय यायचा, कारण गॉल लोक रानातून हल्ला करायचे, पण उघड्या माळावर कोणी लपेल हे त्यांच्या मनातच येत नसे.

पहाटे न्युमिडियन स्वार नदी ओलांडून रोमन छावणीवर भाले फेकतात आणि पळ काढतात. लगाम न लावता घोडा हाकणारी ही उत्तर आफ्रिकेतली माणसं होती. सेम्प्रोनियस सगळी फौज बाहेर काढतो. न्याहारी झालेली नाही, घोड्यांना दाणा घातलेला नाही. रात्री वर पाऊस पडून फुगलेली नदी छातीपर्यंत येते आणि ३५ हजारांवर माणसं त्या बर्फाळ पाण्यातून चालत जातात. पलीकडे हॅनिबलचे सैनिक पोटभर खाऊन, शेकोट्यांपाशी अंगाला तेल चोळत बसलेले. मग काय झालं ते सांगायला नकोच. रोमनांची मधली फळी मात्र शेवटपर्यंत फुटली नाही. सुमारे १० हजार जण समोरची रांग फोडून थेट प्लासेन्शिया या रोमन वसाहतीत पोचले. म्हणजे शौर्य कमी पडलं नव्हतं. शौर्य होतं म्हणून तर ते उपाशीपोटी नदीत उतरले.

पुढच्या वर्षी फ्लॅमिनियस. हा लोकांमधून वर आलेला, कोणी डिवचलं की सहन न होणारा कॉन्सल. हॅनिबलने त्याच्या डोळ्यांदेखत एट्रुरियातली गावं पेटवली आणि त्याला बगल देऊन रोमच्या दिशेने निघाल्याचं दाखवलं. मित्रांची घरं जळताना हातावर हात ठेवून बसणारा रोमन सेनापती कसला? तो मागे धावला. जूनमधल्या धुक्यात ट्रासिमीन सरोवराच्या काठच्या चिंचोळ्या वाटेवर त्याची फौज लांबच लांब पसरली आणि वरच्या टेकड्यांवरून तिन्ही बाजूंनी हल्ला झाला. तीन तास. फ्लॅमिनियससह १५ हजार मेले. लढाई चालू असताना भूकंप झाला आणि लढणाऱ्या कोणालाही तो जाणवला नाही, असं रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. समोरच्या सेनापतीचा स्वभाव ओळखण्याहून सेनापतीला दुसरं मोठं काम नाही, हे पॉलिबियसने याच प्रसंगावर लिहिलंय.

स्वभाव सगळ्यांचे सारखे नसतात, हेही हॅनिबलला ठाऊक होतं. ट्रासिमीननंतर फेबियस मॅक्सिमस डिक्टेटर, म्हणजे संकटकाळापुरता सर्वाधिकारी, झाला. तो लढाईच देईना. डोंगर धरून चालायचं, रसद तोडायची, मागे राहिलेल्या टोळ्या कापायच्या. मराठी वाचकाला हे नवं वाटणार नाही, पण रोमन लोकांना ती लाज वाटली आणि त्यांनी त्याला ‘चालढकल्या’ असं नाव ठेवलं. याला उचकवता येत नाही म्हटल्यावर हॅनिबलने दुसरी कळ दाबली. आजूबाजूची सगळी शेतं जाळली आणि फेबियसची तेवढी मुद्दाम राखली. रोममध्ये लगेच कुजबुज सुरू: काही साटंलोटं आहे का? शेवटी फेबियसने तीच शेती विकली आणि आलेल्या पैशांतून युद्धकैदी सोडवून आणले. याच फेबियसने त्याला एका खोऱ्यात कोंडलं, तेव्हा हॅनिबलने २ हजार बैलांच्या शिंगांना सुके फाटे बांधून रात्री पेटवले आणि डोंगरावर हाकलले. पहारेकरी मशालींच्या मागे धावले, फौज खिंडीतून निघून गेली.

आता कॅनी. इथे थोडा थांबतो, कारण भीतीचं मूळ इथे आहे.

२ ऑगस्ट २१६ इ.स.पू. रोमने आजवर उभारली नव्हती एवढी फौज उभारली: ८० हजार पायदळ, ६ हजार स्वार. हॅनिबलकडे ४० हजार पायदळ आणि १० हजार स्वार. रोमनांचा बेत अगदी साधा होता. आपलं पायदळ कुणालाही रेटून काढतं, तर ते आणखी दाट करायचं आणि मधोमध घुसवायचं. ट्रेबियाला मधली फळी फोडून निघालेले १० हजार त्यांच्या डोक्यात असणारच. हॅनिबलने मधोमध गॉल आणि स्पॅनिश सैनिक पुढे फुगवटा काढून उभे केले आणि दोन्ही टोकांना, थोडे मागे, आपले कसलेले आफ्रिकन ठेवले. या आफ्रिकनांच्या अंगावर आधीच्या लढायांत मेलेल्या रोमनांची चिलखतं होती. आपल्या सर्वांत भरवशाच्या माणसांना त्याने मधे न ठेवता कडेला ठेवलं, हे वर्गात फळ्यावर काढून दाखवलं की मुलं गप्प होत. फुगवटा रेटला गेला, सपाट झाला, मग आत वाकला. रोमन ओरडत आत घुसले. आणि जसजसे घुसले तसतसे दोन्ही बाजूंचे आफ्रिकन, जागचे फारसे न हलता, त्यांच्या बगलांवर आले. एवढ्यात हॅनिबलचं घोडदळ रोमन स्वारांना पळवून पाठीमागून येऊन भिडलं.

त्या घोळक्याच्या आत काय झालं असेल? संध्याकाळच्या गर्दीत विरार लोकलमध्ये उभं राहिलेल्याला समजेल. हात खाली राहिला तर खालीच, खिशातला फोनही काढता येत नाही. तसे हजारो सशस्त्र, शिस्तीचे, शूर लोक, ज्यांना तलवार उगारायलाही जागा नाही, ते कडेपासून आत एकेक थर कापले गेले. संख्या जितकी जास्त तितकी अडचण जास्त. दुसऱ्या दिवशी रणांगण पाहायला गेलेल्यांना काही प्रेतं जमिनीत खड्डा करून त्यात डोकं खुपसलेली दिसली, असं लिव्ही सांगतो. जखमींनी स्वतःच तसा शेवट करून घेतला होता. मृतांचा त्याचा आकडा सुमारे ४८ हजार, पॉलिबियसचा ७० हजार. कुठलाही घ्या. कॉन्सल पाउलस, २९ ट्रिब्यून (लष्करी अधिकारी), सिनेट या रोमच्या ज्येष्ठांच्या सभेचे सभासद असलेले किंवा सभासद होण्याच्या योग्यतेचे ८० जण. हॅनिबलचे गेले ५ हजार ७००.

रोममध्ये तेव्हा काय झालं, यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. सेरेस देवीचा वार्षिक विधी रद्द करावा लागला. तो सुतक नसलेल्या बायकांनीच करायचा आणि शहरात सुतक नसलेली बाई उरली नव्हती. सिनेटने हुकूम काढला, सुतक ३० दिवसांत संपवायचं. दोन व्हेस्टल पुजारणींवर ब्रह्मचर्य मोडल्याचा ठपका आला. एकीला जिवंत पुरलं, दुसरीने आत्महत्या केली. गुरांच्या बाजारात एक गॉल जोडपं आणि एक ग्रीक जोडपं जिवंत गाडलं. नरबळी ही रोमनांच्या लेखी रानटी लोकांची गोष्ट, लिव्हीला हे लिहितानाही अवघडल्यासारखं झालंय. ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात माणूस पाठवला, देवाला विचारायला, आमचं चुकलं काय? एखादा शिस्तप्रिय, हिशेबी, कायदेबाज समाज असा वागू लागला की समजावं, ही हार फक्त मैदानावरची राहिलेली नाही.

त्याच आठवड्यांतली दुसरी बाजूही सांगायला हवी. ८ हजार गुलाम, प्रत्येकाला ‘लढशील का?’ असं विचारून, सरकारी पैशाने विकत घेऊन सैन्यात भरती केले. देवळांत टांगलेली जुन्या युद्धांतली शस्त्रं खाली काढली. हॅनिबलने कैद्यांसाठी खंडणी मागितली, ती नाकारली. पराभूत कॉन्सल व्हारो परतला तेव्हा लोक वेशीबाहेर जमले आणि ‘गणराज्याची आशा सोडली नाहीस’ म्हणून त्याचे आभार मानले. कार्थेजमध्ये हरलेल्या सेनापतीला सुळावर देत. भीती आणि हट्ट हे दोन्ही एकाच शहरात, एकाच महिन्यात शेजारी शेजारी राहत होते, आणि मला वाटतं दुसरं पहिल्यातूनच आलं.

‘मग त्याच वेळी रोमवर का नाही गेला?’ हा पुढचा प्रश्न येणारच. त्याचा घोडदळाचा सरदार महारबाल तेच म्हणाला होता: तुला जिंकता येतं, जिंकलेलं वापरता येत नाही. वाक्य चटकदार आहे, पण स्पेनमधलं सगुंटम हे मध्यम आकाराचं गाव घ्यायला हॅनिबलला आठ महिने लागले होते. रोम कित्येक दिवसांच्या वाटेवर, तटबंदीचं, आणि त्याच्याकडे वेढ्याची सामग्री नाही. त्याचा हिशोब वेगळा होता. बिगर रोमन कैद्यांना तो बिनखंडणी सोडायचा आणि सांगायचा, माझं भांडण तुमच्याशी नाही, मी इटलीला रोमपासून सोडवायला आलोय. त्याला रोमचे मित्र फोडायचे होते. दक्षिणेतलं कापुआ शहर फुटलं, पुढे टॅरेन्टम फुटलं. मध्य इटली आणि लॅटिन गावं मात्र बहुतांशी टिकली आणि तिथेच त्याचं गणित चुकलं.

पण तो इटली सोडून गेला नाही. हा भीतीचा दुसरा अर्धा भाग आहे आणि पुस्तकांत तो दोन ओळींत उरकला जातो. कॅनीनंतर तेरा वर्षं हा माणूस इटलीतच होता. म्हणजे कॅनीच्या वर्षी जन्मलेल्या रोमन मुलाला मिसरूड फुटायची वेळ आली तरी हॅनिबल दक्षिणेत आहेच. पॉलिबियसला सगळ्यांत नवल वाटतं ते याचंच: आफ्रिकन, स्पॅनिश, लिगुरियन, गॉल, इटालियन, ग्रीक अशी भाषा, कायदा, रीत काहीच एक नसलेली माणसं, परक्या मुलखात, कधी विजयात तर कधी हलाखीत, आणि एकदाही त्याच्याविरुद्ध बंड नाही. पहारेकऱ्यांमध्ये जमिनीवर, अंगावर साधा लष्करी झगा ओढून तो झोपलेला अनेकांनी पाहिलाय, हे त्याचा द्वेष करणारा लिव्हीच लिहितो. २१७ मध्ये आर्नोच्या दलदलीतून जाताना एक डोळा गेला, तरी थांबला नाही. गॉल लोक आपल्याला मारतील या संशयाने तऱ्हेतऱ्हेचे केसांचे टोप घालून वेश बदलत असे, ही हकिकत पॉलिबियसची. ज्याचा चेहराही नक्की सांगता येत नाही असा शत्रू. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसायचे म्हणतात, तसला प्रकार.

आणि या वर्षांत तो सेनापतींना गिळत राहिला. ग्रॅकस गेला, सेंट्युमॅलस गेला. सिराक्यूज जिंकणारा, साठीचा, पाच वेळा कॉन्सल झालेला मार्सेलस २०८ मध्ये टेहळणीला म्हणून एका टेकडीकडे गेला आणि दबा धरलेल्या न्युमिडियनांच्या हाती मेला. रोमन घराण्यांमध्ये हे आकडे नव्हते, घरातली माणसं होती.

इ.स.पू. २११ मध्ये तो खरंच रोमच्या दाराशी आला. रोमन सैन्याने कापुआला घातलेला वेढा सुटावा म्हणून त्याने शहरापासून तीन मैलांवर तळ टाकला आणि स्वारांना घेऊन तटाजवळून फेरी मारली. बायका देवळांत जाऊन मोकळ्या केसांनी वेदीखालची जमीन झाडत होत्या. त्याच दिवसांत हॅनिबलचा तळ ज्या शेतात होता ते शेत रोममध्ये विक्रीला निघालं आणि भाव एक पैशाने न उतरता विकलं गेलं. हे कळल्यावर चिडून हॅनिबलने रोमच्या फोरमभोवतीच्या सराफी दुकानांचा आपल्या छावणीत लिलाव पुकारला. ही गोष्ट लिव्हीला फार प्रिय आहे, आणि रोमनांनी ती रंगवली असेल असं मी दर वेळी शिकवताना सांगायचो. पण रंगवावीशी वाटली, यातच सगळं आलं.

शेवट भरभर सांगतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो. २०७ मध्ये कुमक घेऊन येणारा भाऊ हॅस्ड्रुबल मेटॉरस नदीवर मारला गेला आणि त्याचं मुंडकं हॅनिबलच्या चौकीसमोर फेकलं गेलं. २०३ मध्ये त्याला आफ्रिकेला परत बोलावलं. २०२ मध्ये झामा इथे स्किपिओने त्याला हरवलं. हा स्किपिओ त्याच्याच लढाया बघत मोठा झालेला आणि न्युमिडियन घोडदळ आपल्या बाजूला वळवून आलेला. कार्थेजवर ५० वर्षांत फेडायची १० हजार टॅलंट (वजनाचं माप) चांदीची खंडणी बसली.

आता मजा बघा. हरलेला हॅनिबल १९६ मध्ये कार्थेजचा मुख्य अधिकारी झाला, सरकारी पैसा खाणाऱ्यांना पकडलं आणि नवा कर न लावता खंडणी भरता येईल अशी व्यवस्था लावली. यालाही रोम घाबरलं. त्याच्याच गावातल्या विरोधकांनी रोमकडे चुगली केली, रोमचे वकील, म्हणजे दूत, आले, आणि १९५ मध्ये तो निसटला. पुढे कार्थेजने उरलेली सगळी खंडणी एकदम भरतो म्हटलं, तर रोमने घेतली नाही. हप्त्यांची दोरी हातातून सोडायची नव्हती.

इथून पुढे ही भीती राजकारणाच्या कामाची झाली आणि तिची शुद्धता मला संशयास्पद वाटते. आपल्यापर्यंत आलेली हॅनिबलची कथा मुख्यतः रोमच्या बाजूची आहे. त्याच्याबरोबर राहून लिहिणारे सोसिलस आणि सायलेनस हे दोन ग्रीक लेखक होते, त्यांचं लिखाण गेलं. लिव्ही त्याला अमानुष क्रूर, बेइमान म्हणतो, आणि पुढे तोच रोमने गाडलेल्या माणसांची हकिकत सांगतो. ‘हॅनिबल वेशीपाशी’ हे शब्द रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये वापरले ते टोमणा म्हणून: सिनेटला मी यावंच म्हणून कॉन्सल अँटनी एवढा का हटून बसला होता, हॅनिबल वेशीपाशी आला होता की काय? दीडशेहून जास्त वर्षांत बागुलबुवाचा वाक्प्रचार झाला होता.

त्याआधी, इ.स.पू. १८३ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनिया राज्यात, लिबिसा गावी त्याचा पत्ता लागला. रोमचा वकील फ्लॅमिनिनस राजाकडे आला होता. हॅनिबल तेव्हा चौसष्टीच्या घरात, फौज नाही, पैसा नाही. घराला त्याने सात वाटा करून ठेवल्या होत्या, काही चोरवाटाही. सगळ्या वाटांवर पहारे बसलेत हे कळल्यावर त्याने जवळ ठेवलेलं विष घेतलं आणि म्हणाला, एका म्हाताऱ्याच्या मरणाची वाट पाहणं ज्यांना फार लांबचं वाटतं, त्या रोमनांची काळजी आता मिटवून टाकू. पुढे अडीचशे वर्षांनी रोमन लेखक प्लिनी लिहितो की ज्या शहराच्या तटाआड शत्रूंपैकी फक्त हॅनिबलने भाला फेकला, त्याच शहरात त्याचे पुतळे तीन ठिकाणी उभे होते.